आप्पांचा बंगला, शिरूर–दौंड

कंडक्टरच्या हातात काय असतं असं विचारलं तर लोक सांगतात, तिकिटांचा ट्रे आणि पंच. बरोबर आहे. पण त्याची खरी सत्ता असते डोक्यावरून गेलेल्या घंटीच्या दोरीत. एक टोला दिला की गाडी थांबते, दोन दिले की निघते. थांबा जवळ येताना दोन टोले दिले तर त्याचा अर्थ, इथे थांबू नका, सरळ चला. ड्रायव्हर वयाने कंडक्टरच्या बापाएवढा असला तरी दोन टोले पडल्याशिवाय त्याने गाडी हलवायची नाही, असा नियम. माझ्यासारख्या माणसाचं कुणीतरी ऐकेल अशी ही जगातली एकमेव सोय होती. घरी अशी दोरी नव्हती.

मी शिरूरच्या डेपोत कंडक्टर होतो आणि बरीच वर्षं शिरूर–दौंड या मार्गावर होतो. आमच्या भागात कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात. शाळेतल्या मास्तरांना ते आवडत नाही. पण आमचा वर्ग त्यांच्यापेक्षा मोठा, त्यात कोंबड्या असायच्या आणि तो हलायचा. वर विद्यार्थी रोज नवे. दौंडच्या गाडीत आरामात बसून, तिकीट काढून, न्हावरे गेल्यावर "वढू बुद्रुक कवा येणार?" असं विचारणारे समाधीच्या दर्शनाचे भाविक मला दर पंधरा दिवसांनी भेटत. वढू उलट्या दिशेला. त्यांना उतरवून परतीच्या गाडीत बसवायचं आणि वर त्यांनीच आपल्याला "आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणायचं, हा नोकरीचा भाग होता.

आता मूळ गोष्ट. आमच्या डेपोच्या मागच्या भिंतीला लागून एक जुनी गाडी उभी असे. पुढे लांब नाक, लाकडी फळ्यांची जमीन, खिडक्यांना काचांऐवजी पत्र्याची झडपं आणि ड्रायव्हरची केबिन मधल्या पत्र्याने पूर्ण बंद. त्या पत्र्यात एक वीतभर खिडकी होती, तेवढाच काय तो संबंध. मी नोकरीला लागलो तेव्हाच ती गाडी म्हातारी होती. तिला भंगारात काढायचं ठरलेलं होतं, लिलाव तेवढा व्हायचा होता. सरकारी कामात 'तेवढा' या शब्दाला फार आयुष्य असतं, त्यामुळे गाडी तिथेच राहिली. आणि तिच्यात रंगनाथ आप्पा राहत.

आप्पा आमचे ज्येष्ठ ड्रायव्हर, खुटबावचे. त्यांच्या आज्याच्या काळात घरची मेंढरं होती, आप्पांच्या वेळी चार एकर बागायत होती. घर होतं, बायको होती, आणि तरीही ते डेपोतल्या भंगार गाडीत राहत होते. कारण सगळ्या डेपोला पाठ होतं. आप्पांनी खटपट करून मुलाला, म्हणजे दत्ताला, कंडक्टरच्या भरतीत बसवायचं ठरवलं होतं. ड्रायव्हरचा मुलगा कंडक्टर, म्हणजे आप्पांच्या हिशेबाने घराणं एक पायरी वर चढत होतं. दत्ता न सांगता बेळगावला गेला आणि सैन्यात भरती होऊन आला. आप्पांनी जाब विचारला तेव्हा म्हणाला, "आप्पा, दिवसभर 'पुढं सरका, मागं सरका' करण्यात मला जन्म घालवायचा न्हाई." हे वाक्य मी जरा मनाला लावून घेतलं होतं. आप्पांनी तर फारच घेतलं. त्यातून शेवंताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पोराची बाजू घेतली.

"घरात माझं कुणी ऐकत न्हाई," असं म्हणून आप्पांनी वळकटी उचलली आणि डेपोत आले. विश्रांतीगृहात ढेकूण होते. भंगार गाडीत नव्हते, कारण तिच्यात बरेच दिवस माणूसच नव्हता. आप्पांनी मागच्या लांब बाकावर गादी टाकली. खिडकीशेजारी खिळा ठोकून दाढीचा आरसा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळवायची तार ओढली, पायरीपाशी झेंडूची दोन रोपं लावली. दोन वर्षांत डेपोतले सगळे त्या गाडीला 'आप्पांचा बंगला' म्हणू लागले. दत्ताची पत्रं काकूंकडे येत. आप्पांना त्यातलं काही कळत नसे आणि ते विचारतही नसत. खुटबावचा एखादा प्रवासी आपणहून बोलू लागला की मात्र ते तिथून हलायचे नाहीत, रेडिएटरमध्ये पाणी घालत बसायचे. मी एकदा पाहिलं, पाणी केव्हाच भरून खाली वाहत होतं.

मग कारगिलचं युद्ध सुरू झालं. जवानांना छावण्यांतून स्टेशनांवर पोचवण्यासाठी गाड्या हव्यात असा वरून निरोप आला आणि आमच्या डेपोतल्या चांगल्या गाड्या तिकडे गेल्या. ज्या उरल्या त्यांना चांगल्या म्हणण्याची पद्धत नव्हती. त्याही पुरेनात, तेव्हा हेड मेकॅनिकने बंगल्याकडे बोट दाखवलं. त्याने चार दिवस खालून-वरून ठोकाठोकी केली आणि जाहीर केलं की गाडी चालते, पण तीन पथ्यं पाळायची. एक, तिला सेल्फ नाही, इंजिन बंद केलं तर ढकलून किंवा उतारावर सोडूनच सुरू होईल. दोन, ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही, तिसऱ्याला लागतो. तिसरं पथ्य त्याने सांगितलं नाही, "कळंल तुमचं तुमाला," म्हणाला.

प्रश्न होता तिला चालवणार कोण. आप्पा म्हणाले, "माझ्या घरात मी दुसऱ्याला बसू देणार न्हाई." अशा रीतीने आप्पा स्वतःचं घर घेऊन शिरूर–दौंड करू लागले आणि त्या घरात तिकिटं फाडायला मी.

सामान हलवायला त्यांनी साफ नकार दिला. युद्ध संपलं की गाडी परत भिंतीला लागणार, मग कशाला उचलाउचल? गादी राहिली, आरसा राहिला, तारही राहिली. आठवड्याभरात प्रवाशांनी घर आपलं मानलं. मागच्या गादीवर बसायला शिरूर स्टँडवर पळापळ होऊ लागली. पारगावची एक बाई तारेला झोळी बांधून पोर झोपवायची आणि ते पोर त्या गाडीत जसं झोपे तसं म्हणे घरी झोपत नसे. निमगावचा एक पाहुणा मुलगी बघायला जाताना आप्पांच्या आरशात दाढी करू लागला. खड्ड्यागणिक मी डोळे मिटत होतो. हनुवटीला दोन ठिकाणी कापून घेऊन तो उतरला, तरी लग्न जमलं. लोक चौकशी खिडकीवर "दौंडची गाडी कधी?" असं विचारायचे बंद झाले. "बंगला लागला का?" असं विचारू लागले.

त्या दिवसांत सगळ्यांना हेर दिसत होते. न्हावऱ्याच्या स्टँडवर एक पुण्याचा पोरगा गळ्यात कॅमेरा घालून आमच्या गाडीचे फोटो काढत होता. समोरून, मागून, मग आडवा पडून खालून. लोकांनी त्याला धरलं. एवढ्या पोटतिडकीने कुणी या गाडीचा फोटो काढतो म्हणजे त्यात नक्की काहीतरी आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. पोरगा घाबरून सांगत होता की त्याला जुन्या गाड्यांचा नाद आहे आणि अशी गाडी आता कुठे पाहायलाही मिळत नाही. त्यावर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी आप्पा केबिनमधून म्हणाले, "आरं, सोडा त्याला. दुश्मनाला ह्या गाडीची माहिती मिळाली तर आपलाच फायदा हाय. बेसावध राहतील." पोरगा सुटला. जाताना त्याने आप्पांचाही फोटो मागितला. आप्पांनी टोपी नीट केली, पण चेहरा हसरा केला नाही.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच जीव मुठीत धरून बसेल. दत्ता त्या युद्धातून धडधाकट परत आला. आज तो निवृत्त होऊन खुटबावला पोल्ट्री चालवतो. बंगल्याचा लिलाव पुढे झाला, आणि आप्पाही आता राहिले नाहीत. या गोष्टीत कुणी मरत नाही. यात फक्त एका बापाला पोराची गाडी गाठायची होती.

ती दुपारची फेरी होती. आम्ही शिरूरहून निघालो, न्हावरे झालं, पारगावला भीमेचा पूल ओलांडला, केडगाव मागे टाकून चौफुल्याला आलो. थांब्यावर शेवंताकाकू उभ्या होत्या. अंगावर इरकल, काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं. त्यांनी केबिनकडे पाहिलं नाही. केबिननेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या मागच्या दाराने चढल्या आणि कुणीतरी उठून त्यांना गादीवर जागा दिली.

ड्रायव्हरच्या बायकोला पास असतो. त्यांनी तो काढला नाही. "दौंड द्या," म्हणाल्या आणि तिकीट घेतलं. मग हळूच इकडेतिकडे पाहू लागल्या. नवरा राहत होता ते घर त्या पहिल्यांदाच बघत होत्या. तारेवरचा सदरा त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला धुतलंय म्हनायचं व्हय?" मग उशी उलटीपालटी केली. "खोळ कुठं गेली हिची?" मी म्हणालो, "काकू, मला ठाऊक न्हाई." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खोळ मीच घेतली होती.

मग गाठोड्यावर हात ठेवून त्या सांगू लागल्या. बेळगावहून दत्ताची पलटण निघाली होती. पुणे स्टेशनात गाडी थांबली असताना त्याने खुटबावच्या एसटीडी बूथवर फोन केला होता. कुठे चाललो ते सांगायला मनाई होती, पण ते सगळ्या खुटबावला ठाऊक होतं. गाडी दौंडला थांबणार होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिची दिशा उलटी व्हायची. इंजिन पुढून सुटायचं, फिरून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि आली त्या बाजूनेच गाडी बाहेर पडायची. आमच्या भागातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. इंजिन फिरेपर्यंत गाडी उभी, तेवढाच वेळ मायलेकांना होता.

"बूथवाल्यानं निरोप आणला," काकू म्हणाल्या. "इंजिनापासनं तिसरा डबा, म्हनला. तव्यावरची भाकर टाकून आले."

"आप्पांना सांगू का?"

"तुमचं तुमी बघा. म्या काय सांगनार न्हाई. न्हाईतर म्हनतील, हिनं गळ घातली."

मी पुढे गेलो आणि पत्र्यातल्या खिडकीला तोंड लावून सगळं सांगितलं. आप्पा समोर बघतच म्हणाले, "मागं कुठं बसलीय?"

"गादीवर."

"हं," म्हणाले, आणि गाडी होती त्याच चालीने चालू ठेवली. बैलगाडी आम्हाला मागे टाकत नव्हती एवढंच.

एव्हाना गाडीभर बातमी झाली होती. पोराला सीमेवर जाण्याआधी भेटायला आई निघालीय आणि बाप गाडी चालवतोय, म्हटल्यावर प्रत्येकाला आपणच गाडी चालवतोय असं वाटू लागलं. वरवंड जवळ आलं. थांब्यावर माणसं हात करून उभी होती. गाडीत ओरडा झाला, "मास्तर, दोन द्या! दोन द्या!" मी दोन टोले दिले. आप्पांनी गाडी थांबवली. एक म्हातारबाबा शेळीसकट चढू लागले. शेळी चढेना. आप्पा आरशातून शांतपणे बघत होते. शेळी चढली, मग म्हातारबाबांचा जोडा खाली राहिला. तो आणायला ते उतरले तर शेळीही उतरली.

पाटसला तेच होणार होतं. तिथे उतरणारे पाच-सहाजण होते. मी दोरीला हात घातला तसा त्यातला एकजण म्हणाला, "मास्तर, आमच्यासाठी थांबवू नका. आमी दौंडला उतरतो, येताना सोडा." बाकीच्यांनी माना हलवल्या. एका बाईची दवाखान्यातली वेळ होती, तीही म्हणाली, "जाऊ द्या, डागदर कुठं पळतोय?" मी पुन्हा दोन टोले दिले. आप्पांनी पाटसला गाडी थांबवली.

मी खिडकीशी गेलो. आता मला राग आला होता. माझी घंटी दोनदा मोडली होती, तीही सगळ्यांसमोर.

"आप्पा, दोन दिल्या व्हत्या."

"पाटसला मानसं हायेत उतरनारी."

"न्हाई उतरत ती. दौंडला चाललीत."

"का?"

"तुमच्यासाठी."

आप्पांनी चाकावरचे हात काढले, मांडीवर पुसले, परत ठेवले. मला तेव्हा समजलं की हा माणूस मुद्दाम उशीर करत नव्हता. त्याला पोचायचं होतं, आणि पोचल्यावर पोराशी काय बोलायचं हे सुचेपर्यंत पोचायचंही नव्हतं. दोन वर्षं जे बोलला नाही ते पाटस ते दौंड एवढ्या वाटेत जुळवायचं होतं. मला त्यांची फार दया आली. मी राग गिळला.

"मग बगता काय, मास्तर? घंटी द्या की," आप्पा म्हणाले.

त्यानंतर बंगला जो पळाला तसा तो नवा असतानाही पळाला नसेल. सगळी झडपं एकदम वाजू लागली. तारेवरचा सदरा म्हातारबाबांच्या डोक्यावर जाऊन बसला, आरसा खिळ्यावरून निसटला आणि काकूंनी तो वरच्यावर झेलला. मेकॅनिकने न सांगितलेलं तिसरं पथ्य मला तेव्हा कळलं. वेगात गेल्यावर गाडीचं मागचं दार आपोआप उघडत होतं. शेळीला तिघांनी धरून ठेवलं होतं.

दौंडच्या अलीकडे फाटक बंद होतं. आमच्या पुढे कांद्याचा ट्रक उभा होता, इतका भरलेला की पलीकडचं काही दिसेना. धडधड ऐकू आली. कांद्याच्या पोत्यांच्या वरून फक्त डब्यांची टपं सरकताना दिसत होती आणि मधूनमधून जवानांच्या आरोळ्या. ज्या गाडीला गाठायचं तिच्यासाठीच आम्ही फाटकात अडकलो होतो. काकू उभ्या राहून टपं बघत होत्या. टप बघून पोरगं ओळखता येत असतं तर त्यांनी ते नक्की ओळखलं असतं. आप्पा ॲक्सिलरेटर हलकेच दाबत इंजिन जागं ठेवत होते. ते बंद पडलं असतं तर सगळ्यांना ढकलावं लागलं असतं, आणि सगळे तयार होते.

फाटक उघडलं. गाडी स्टँडवर न नेता आप्पांनी थेट रेल्वे स्टेशनच्या दारात घातली. टांगेवाले ओरडले. तिसऱ्या दाबाला ब्रेक लागला. आप्पांनी चाकाखाली दगड टाकले, इंजिन चालूच ठेवलं आणि म्हातारबाबांना शेळीसह राखण बसवलं. बाकी सगळी गाडी आमच्यामागून फलाटावर आली. पाटसची बाईसुद्धा.

फलाटावर अर्धं दौंड जमलं होतं. कुणी सरबत देत होतं, कुणी पेढे, शाळेची पोरं झेंडे हलवत होती. गाडी लांबलचक, दोन्ही टोकं नजरेत मावत नव्हती. इंजिन सुटून फिरून आलं होतं आणि डाव्या टोकाला जोडायचं काम चालू होतं. आता इंजिनापासून तिसरा डबा गाठायचा, एवढंच राहिलं होतं. काकू गाठोडं घेऊन निघाल्या त्या उजवीकडे. आप्पा डावीकडे. दोघंही चार पावलांवर थांबले.

"तिकडं कुठं?" आप्पा म्हणाले. दोन वर्षांत बायकोशी बोललेला हा पहिला शब्द. "इंजिन हिकडं हाय."

"आत्ता हाय. त्यानं फोन केला तवा तिकडं व्हतं. पोरगं पुण्यातनं बोललं, समोर दिसलं इंजिन तसं सांगितलं."

"आगं, पोरगं दौंडच्या भागातलं हाय. दौंडात इंजिन फिरतंय हे त्याला कळत न्हाई व्हय? फिरल्यावरचंच सांगितलं असंल त्यानं."

"त्याला कुठलं एवढं सुचतंय!"

"का न सुचायला? माझा पोरगा हाय."

हे आप्पा एवढ्या जोरात म्हणाले की झेंडेवाली पोरं वळून बघू लागली. पोराच्या अकलेबद्दल दोन वर्षं काय काय बोललेला हा माणूस आता फलाटावर उभा राहून त्याच्या अकलेसाठी भांडत होता. आमच्या प्रवाशांत लगेच दोन तट पडले आणि दोन्ही बाजूंना इतके सयुक्तिक मुद्दे होते की निकाल लागणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावची माणसं सरळ इंजिन बघून तिसऱ्या डब्याकडे गेली असती. दौंडची माणसं विचार करत होती.

काकूंनी वाद सोडला आणि उजवीकडे चालू लागल्या. निम्मी गाडी त्यांच्यामागे गेली. आप्पा डावीकडे निघाले. माझा ड्रायव्हर तिकडे, म्हणून मी तिकडे.

इंजिनापासून तिसरा डबा रसोड्याचा निघाला. आत पातेली, तांदळाची पोती आणि घामाघूम झालेला एक आचारी. आप्पा दारापाशी गेले आणि शक्य तेवढ्या हिंदीत म्हणाले, "हमारा लडका. दत्ता. खुटबाव." आचाऱ्याला खुटबाव ठाऊक नव्हतं. त्याने आप्पांच्या हातात चहाचा मग दिला आणि उजवीकडे, लांब, काकू गेल्या होत्या त्या टोकाकडे बोट दाखवलं. "जवान लोग उधर हैं, चाचा. सब पीछे."

आप्पांनी त्या टोकाकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. तेवढ्यात शिट्टी झाली.

चहाचा मग आप्पांनी माझ्या हातात दिला आणि पळू लागले, मी त्यांच्यामागे. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात चपला, फलाटावर ही गर्दी. चार-पाच डबे गेले असतील नसतील तोवर गाडी हलली. ती त्यांच्याच दिशेने येत होती, एवढं एक नशीब. धापा टाकत आप्पा थांबले आणि कडेला उभे राहून एकेक डबा बघू लागले. दारादारांत जवान, सगळे एका वयाचे, सगळ्यांचे केस सारखे कापलेले. आप्पांचे ओठ हलत होते. पाटसपासून जे जुळवलं होतं ते ते परत म्हणून बघत होते असं मला वाटलं.

शेवटून तिसऱ्या डब्याच्या दारात दत्ता होता. काकूंची आणि त्याची भेट झालेली होती, काखेतलं पांढरं गाठोडं दिसत होतं. बाप इंजिनाच्या टोकाला गेलाय हे आईने सांगितलं असावं, कारण तो आधीपासूनच वाकून शोधत होता. "आप्पा!" तो ओरडला. गाठोडं त्याने मागच्या जवानाकडे दिलं. एका हाताने दांडी धरली, दारातून निम्मा बाहेर आला आणि दुसरा हात बापाकडे लांब केला. आप्पा दोन पावलं पुढे झाले. गाडी वेग घेत होती, पण हाताला हात लागला असता. मी अगदी शेजारी होतो, लागला असता.

आप्पांनी आपला हात वर केला आणि दारात लटकणाऱ्या पोरांवर आयुष्यभर ओरडले त्याच आवाजात ओरडले, "दोनी हातांनी दांडी धर! आत हो!"

दत्ताने लांब केलेला हात मागे घेतला. दोन्ही हातांनी दांडी धरली आणि एक पाऊल आत सरकला. डबा आमच्यासमोरून गेला. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच, दोन्ही हातांनी दांडी धरून, आमच्याकडे बघत उभा होता.

काकू गर्दीतून लगबगीने आल्या. त्यांचा पदर डोळ्यांना होता. "भेटला का?" त्यांनी विचारलं.

"भेटला."

"काय बोलला?"

आप्पा रिकाम्या रुळांकडे बघत होते. "बोलला काय न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी माझा दंड धरला. "पण त्यानं ऐकलं माझं. मास्तर साक्षीला हायेत. इचार त्यान्ला, ऐकलं का न्हाई."